बेटांच्या वाट्याचे मांस

संयुक्त राष्ट्रांची अन्न आणि कृषी संघटना प्रत्येक देशाचा अन्नताळेबंद प्रसिद्ध करते. देशात किती पिकले, बाहेरून किती आले, किती निर्यात झाले, जनावरांच्या खाद्यात, बियाण्यात आणि नासाडीत किती गेले याची बेरीज-वजाबाकी करून उरलेल्या अन्नाला लोकसंख्येने आणि वर्षाच्या दिवसांनी भागले, की माणशी रोज किती उष्मांक, किती ग्रॅम प्रथिने आणि किती ग्रॅम स्निग्धांश उपलब्ध आहेत हे कळते. आहारशास्त्र शिकवण्याच्या निमित्ताने मी हे तक्ते अनेक वर्षे वाचत आले आहे. त्यांतली एक ओळ अशी आहे की तिच्यावर सहसा कोणाची नजर ठरत नाही. ती ओळ म्हणजे प्राणिजन्य चरबीपासून मिळणारी प्रथिने. लोणी, तूप, साय, कच्ची चरबी आणि माशांची तेले या गटात मोडतात, आणि बहुतेक देशांच्या नावापुढे या ओळीत शून्य किंवा शून्याला चिकटलेला एखादा दशांश असतो.

यात आश्चर्य वाटण्यासारखे काही नाही. शंभर ग्रॅम लोण्यात एक ग्रॅमही प्रथिन नसते. लोणी कढवून तूप केले की बेरीबरोबर तेही जाते. जनावराच्या मूत्रपिंडाभोवतीच्या कच्च्या चरबीत शंभर ग्रॅममागे जेमतेम दीड ग्रॅम प्रथिन सापडते, तेही चरबीच्या पेशींना धरून ठेवणाऱ्या पातळ पडद्यांमुळे. माणसाने रोज दहा ग्रॅम लोणी खाल्ले तरी त्यातून त्याला ग्रॅमचा दहावा हिस्सासुद्धा प्रथिन मिळणार नाही. त्यामुळे या ओळीतले शून्य गणिताच्या दृष्टीने अगदी बरोबर आहे. तरीही लहान बेट-राष्ट्रांच्या पानावर हे शून्य पाहिले की मला थांबावेसे वाटते, कारण तिथल्या माणसाच्या ताटात प्रथिन आणि चरबी यांची जी गाठ पडली आहे, ती या ओळीत कुठेच उमटत नाही.

लहान विकसनशील बेट-राष्ट्रांचा स्वतंत्र गट 1992 च्या रिओ परिषदेत प्रथम मान्य झाला. पॅसिफिकमधील टोंगा, सामोआ, फिजी, किरिबाती, नाऊरू, हिंदी महासागरातील मॉरिशस आणि मालदीव, कॅरिबियनमधील बार्बाडोस आणि जमैका असे एकमेकांपासून हजारो मैल दूर असलेले देश या गटात येतात. त्यांना जोडणाऱ्या गोष्टींपैकी पहिली म्हणजे थोडी जमीन आणि अफाट समुद्र, आणि दुसरी म्हणजे जहाजातून जे येईल ते खाण्याची वेळ. मी ऑकलंडमध्ये राहते. या शहराच्या दक्षिण भागात टोंगा आणि सामोआ येथून आलेली कुटुंबे फार मोठ्या संख्येने राहतात, आणि त्या बेटांवर जाणाऱ्या मांसाचा बराचसा भाग न्यूझीलंडमधूनच जातो. म्हणजे या व्यवहाराची दोन्ही टोके मला घराजवळच दिसतात.

ओटाहुहू भागातल्या मांसाच्या दुकानांत काचेमागे गोठवलेल्या मांसाचे लांबट, चपटे तुकडे रचलेले असतात. मेंढीच्या पोटाकडचा, बरगड्यांच्या टोकांपासून खाली लोंबणारा हा पातळ भाग. इंग्रजी पाटीवर त्याला मटण फ्लॅप म्हणतात, टोंगाची माणसे नुसते ‘सिपी’ मागतात. विजेच्या करवतीने आडवा कापलेला असल्यामुळे त्याची रचना स्पष्ट दिसते: पांढऱ्या चरबीचा जाड थर, त्याखाली बोटाच्या पेराएवढीही रुंद नसलेली गुलाबी मांसाची पट्टी, पुन्हा चरबी, पुन्हा एक पट्टी, मध्येच कुर्चेसारखे मऊ हाड. आपल्याकडे मटणाच्या दुकानात सीना, चाप आणि मांडी मिसळून घेताना रश्शाला चव यावी म्हणून ‘थोडी चरबी टाका’ असे सांगण्याची पद्धत आहे. इथे प्रमाण उलटे झालेले असते, चरबी घेतली की तिच्यासोबत थोडे मांस येते.

आता हा तुकडा ताळेबंदाच्या कोणत्या ओळीत जातो? तो प्राणिजन्य चरबीत जात नाही. तो मांस म्हणून आयात होतो आणि मांसाच्याच ओळीत मोजला जातो. मेंढीच्या मांसाला सरासरी गुणक, म्हणजे शंभर ग्रॅममागे सरासरी किती प्रथिन असते तो आकडा, लावला की कागदावर त्या देशाला बऱ्यापैकी प्रथिने मिळालेली दिसतात, मग पेटीत मांडी आली असो की पोटाकडची चरबी. चरबीच्या ओळीत प्रथिन शून्य आणि मांसाच्या ओळीत प्रथिन पुरेसे, आणि या दोन नोंदींच्या मध्ये खरे जेवण हरवते.

जेवणाचा हिशेब मी विद्यार्थ्यांना फळ्यावर मांडून दाखवते. समजा, शंभर ग्रॅम फ्लॅपमध्ये 35 ग्रॅम चरबी आणि 14 ग्रॅम प्रथिने आहेत. चरबीच्या प्रत्येक ग्रॅममधून 9 आणि प्रथिनाच्या प्रत्येक ग्रॅममधून 4 उष्मांक मिळतात, म्हणजे चरबीचे 315 आणि प्रथिनांचे अवघे 56. याच्या शेजारी त्या बेटांच्याच समुद्रात फिरणारा स्किपजॅक ट्यूना ठेवावा, म्हणजे आपला कुपा. त्याच्या शंभर ग्रॅम मांसात सुमारे 22 ग्रॅम प्रथिने आणि एक ग्रॅमच्या आसपास चरबी असते, उष्मांक साधारण शंभर. तेवढीच 22 ग्रॅम प्रथिने फ्लॅपमधून मिळवायची तर दीडशे ग्रॅमहून थोडे अधिक मांस खावे लागेल, त्यासोबत 55 ग्रॅम चरबी पोटात जाईल आणि एकूण उष्मांक पाचशेच्या पुढे जातील. शरीराची प्रथिनांची गरज दोन्ही वेळा सारखीच भागते, पण दुसऱ्या वेळी ती भागवण्यासाठी पाचपटीहून अधिक उष्मांक पदरात घ्यावे लागतात. टोंगासारख्या देशात प्रौढांपैकी 60 टक्क्यांहून अधिक लोक आज स्थूल या व्याख्येत बसतात, आणि मधुमेह घरोघरी आहे. त्याला फ्लॅप हे एकमेव कारण नाही. साखर, मैदा, इन्स्टंट नूडल्स, खुर्चीतली नोकरी ही सारी कारणे आहेतच. तरी प्रथिनासाठी मोजावी लागणारी ही जादा किंमत मला त्या सगळ्यांत अधिक अन्यायाची वाटते, कारण साखर टाळायचे ठरवता येते, प्रथिने टाळून चालत नाही.

आमच्या शेजारी राहणाऱ्या टोंगन बाईंनी मला ‘लू सिपी’ करताना पाहू दिले, त्याविषयी थोडे सविस्तर लिहिले पाहिजे. लू म्हणजे अळूची पाने. हो, आपलेच अळू. त्याचा कंद तिथे मुख्य अन्न आहे आणि कोवळी पाने भाजी म्हणून खातात. त्या तळहातावर मोठे पान उलटे धरतात, त्यावर लहान पाने एकाआड एक रचतात आणि हाताची वाटी करतात. त्या वाटीत सिपीचे तुकडे, उभा चिरलेला कांदा, मीठ आणि वरून नारळाचे दाट दूध. मग पानांच्या कडा एकत्र आणून पुडी मिटायची आणि पूर्वी केळीच्या पानात, आता ॲल्युमिनियमच्या कागदात घट्ट गुंडाळायची. टोंगामध्ये रविवारी सकाळी चर्चला जाण्यापूर्वी या पुड्या जमिनीतल्या तापलेल्या दगडांच्या भट्टीत, म्हणजे ‘उमु’त पुरून ठेवतात, ऑकलंडमध्ये त्या घरच्या ओव्हनमध्ये जातात. आपण अळूची खाज मारण्यासाठी चिंच घालतो, त्या मंडळींचा भर तासन्‌तास शिजवण्यावर असतो. पुडी उघडली तेव्हा पाने काळपट हिरवी आणि लोण्यासारखी मऊ झाली होती, आणि मेंढीची चरबी व नारळाचे दूध एकमेकांत मिसळून तळाशी साचले होते. पदार्थ अत्यंत चविष्ट आहे. तो पाहुण्याला वाढणाऱ्या हातांत जो आदर असतो तोही खरा आहे. या बेटांच्या खाण्याविषयी लिहिणाऱ्या अनेकांना हा आदर दिसत नाही, याचे मला वाईट वाटते.

त्याच दिवशी बोलता बोलता त्या बाई सहज म्हणाल्या की त्यांच्या आईच्या लहानपणी टोंगातल्या हापाई बेटांवर लूमध्ये मासा घालत. डुक्कर लग्नाला, मयताला किंवा पाद्री घरी आले तर कापले जाई. मला त्या वाक्यात अख्ख्या प्रश्नाची उकल दिसली. पॅसिफिकच्या जुन्या जेवणात स्निग्धांशाची उणीव कधी नव्हती, तो नारळातून भरपूर मिळत होता. प्रथिने समुद्रातून येत होती, आणि मासा स्वतः कोरडा असल्यामुळे नारळाचे दूध त्याला साजून दिसे. माशाच्या जागी सिपी आली तेव्हा प्रथिनाच्या जागेवर आणखी एक चरबी येऊन बसली, आणि नारळाचे दूध तर पाककृतीतून हलले नाही.

मग मासा गेला कुठे? माणसे लहान बेटांवरून राजधानीत नुकुआलोफाला आली, होडी आणि खाडी मागे राहिली, हातात पगार किंवा परदेशातून आलेले पैसे आले. बाजारात मासा महाग असतो, कारण त्याला बर्फ लागतो, बर्फाला वीज लागते आणि होडीला इंधन. गोठवलेली सिपी पेटीत महिनोन्‌महिने टिकते. टोंगाच्या खोल पाण्यातला चांगल्या प्रतीचा स्नॅपर मासा हवाईच्या बाजारात चांगला भाव मिळतो म्हणून तिकडे पाठवला जातो. पश्चिम आणि मध्य पॅसिफिकमधून जगातला निम्म्याहून अधिक ट्यूना पकडला जातो, आणि त्यातला बहुतांश मोठ्या जाळ्यांच्या परदेशी जहाजांतून डबाबंद करण्यासाठी थायलंडसारख्या देशांकडे जातो. बेटांना परवान्याचे शुल्क मिळते, काही सरकारांच्या उत्पन्नाचा तो मुख्य आधार आहे, आणि त्याला नावे ठेवण्याचा मला अधिकार नाही. परंतु चरबी नसलेले प्रथिन बेटांच्या पाण्यातून बाहेर जाते आणि चरबीने वेढलेले प्रथिन जहाजाने आत येते, या उलाढालीची नोंद मात्र कोणीतरी ठेवली पाहिजे.

आत येणाऱ्या मांसाचा इतिहास फार जुना नाही. फेब्रुवारी 1882 मध्ये ‘डनेडिन’ नावाचे जहाज न्यूझीलंडच्या पोर्ट चाल्मर्स बंदरातून गोठवलेले मांस घेऊन लंडनला निघाले, आणि त्या एका प्रवासाने या देशाचे अर्थकारण बदलले. पुढे अनेक दशके मेंढ्या अख्ख्या, सोललेल्या धडांच्या रूपाने ब्रिटनला जात. ब्रिटन 1973 मध्ये युरोपीय समुदायात गेल्यावर नव्या बाजारपेठा शोधाव्या लागल्या आणि मांस इथेच कापून, भाग वेगळे करून विकण्याचे प्रमाण वाढले. मांडी एका देशाला, कंबरेकडचा भाग दुसऱ्याला, बरगड्यांची रांग महागड्या उपाहारगृहांना. प्रत्येक मेंढीमागे पोटाकडचा भाग उरतोच. त्याला श्रीमंत देशांत गिऱ्हाईक थोडे होते, आणि पॅसिफिकची बेटे जवळ होती.

सामोआत हीच गोष्ट टर्कीच्या शेपटाबाबत घडली. अमेरिकेत टर्की पक्षी कापताना शेपटाजवळचा तेलग्रंथीचा मांसल गोळा काढून टाकतात, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी कुक्कुटउद्योगाने तो स्वस्तात सामोआला पाठवायला सुरुवात केली. पिढ्यान्‌पिढ्या तो तिथल्या भाजलेल्या जेवणाचा भाग झाला. सामोआ सरकारने 2007 मध्ये आरोग्याच्या कारणासाठी त्याच्या आयातीवर बंदी घातली. मात्र त्याच काळात देश जागतिक व्यापार संघटनेत प्रवेशाची बोलणी करत होता, आणि ही बंदी त्या बोलण्यांत अडसर ठरली. मे 2012 मध्ये सामोआ सदस्य झाला तो बंदी उठवण्याचे मान्य करूनच. तिच्या जागी काही काळापुरते 300 टक्के आयातशुल्क लावण्याची मुभा त्याला मिळाली. सुमारे दोन लाख लोकवस्तीच्या देशाला आपल्या लोकांनी काय खाऊ नये हे ठरवण्यासाठी जिनिव्हाच्या टेबलावर परवानगी घ्यावी लागते, ही गोष्ट मी जेव्हा जेव्हा वर्गात सांगते तेव्हा मला माझा आवाज आवरावा लागतो.

फिजीने त्याआधीच, 2000 मध्ये, मटण फ्लॅपवर बंदी आणली होती. त्या वेळी न्यूझीलंडमधून नाराजी व्यक्त झाली, तक्रारीची भाषाही झाली, परंतु फिजीने बंदी केवळ आयातीवर न ठेवता विक्रीवरच घातल्यामुळे परदेशी मालाशी भेदभाव केला असे म्हणायला जागा राहिली नाही, आणि ती टिकली. टोंगाने बंदीऐवजी करांचा मार्ग धरला. थंड पेये आणि प्राणिजन्य चरबी यांच्यावर 2013 पासून कर बसत आणि वाढत गेले, पुढे टर्कीचे शेपूट, कोंबडीच्या तंगड्या, नूडल्स आणि अखेर सिपीही त्यात आली. माशांवरचे आयातशुल्क मात्र कमी करण्यात आले. मला या शेवटच्या पावलाचे फार महत्त्व वाटते, कारण घरखर्च चालवणारी बाई बाजारात प्रथिने विकत घ्यायला गेलेली असते, आणि सिपी महाग झाली पण मासा स्वस्त झाला नाही तर ती प्रथिने सोडून नूडल्सच्या पुड्या घेऊन घरी येईल.

मॉरिशसची आठवण इथे अपरिहार्यपणे येते. एकोणिसाव्या शतकात मुदतबंद मजुरीच्या करारावर रत्नागिरी आणि आसपासच्या भागांतून गेलेल्या माणसांचे वंशज तिथे आजही मराठी म्हणून ओळखले जातात, गणेश चतुर्थीला देशाला सार्वजनिक सुट्टी असते. करारातल्या शिध्यात तांदूळ, डाळ, मीठ आणि थोडे तेल असे. म्हणजे प्रथिनांचा भार डाळीवर होता. विसाव्या शतकाच्या अखेरीस त्याच समाजात, आणि बेटावरच्या इतर सर्व समाजांत, मधुमेह आणि हृदयविकार चिंताजनक झाले. सरकारने 1987 मध्ये शिधावाटपातल्या खाद्यतेलातून पामतेल काढून त्या जागी सोयाबीनचे तेल आणले. पाच वर्षांनी तपासणी झाली तेव्हा लोकसंख्येच्या रक्तातील कोलेस्टेरॉलची सरासरी प्रतिलिटर 5.5 मिलिमोलवरून 4.7 वर आलेली आढळली. एवढी मोठी घट औषधाविना एका संपूर्ण देशात होणे दुर्मीळ आहे.

पामतेल वनस्पतिजन्य आहे, त्यामुळे हे उदाहरण चरबीच्या ओळीत बसत नाही हे मला ठाऊक आहे. तरी ते मी देते, कारण बेटाच्या एका बळाकडे ते लक्ष वेधते. सगळे अन्न एकाच बंदरातून येते हे बेटाचे दुबळेपण आहे, पण त्यामुळेच दारावर एक निर्णय झाला तर तो प्रत्येक स्वयंपाकघरापर्यंत पोहोचतो. महाराष्ट्रात असा निर्णय राबवायचा तर हजारो तेलघाण्या आणि कारखाने यांच्याशी गाठ पडेल. अर्थात मॉरिशसचे यश अपुरे होते: त्याच पाच वर्षांत लठ्ठपणा वाढला आणि मधुमेहाचे प्रमाण फारसे हलले नाही. तेलाचा प्रकार बदलला, एकूण खाणे आणि बसणे बदलले नाही.

म्हणून मला वाटते की उत्तराचा एक तुकडा निर्यात करणाऱ्या देशात आहे, आणि मी त्याची रहिवासी असल्यामुळे तो मागण्याचा मला हक्क आहे. घानाने एकेका तुकड्याचे नाव घेऊन बंदी घालण्याऐवजी मांसातील चरबीच्या प्रमाणालाच मर्यादा घातली. हा नियम मला अधिक न्याय्य वाटतो. तो कोणत्याही देशाच्या मालाला वेगळे पाडत नाही आणि खाणाऱ्यालाही दोष देत नाही, पेटीत काय भरावे हे तो भरणाऱ्याला सांगतो. फ्लॅपची वरची चरबी सोलून काढता येते, हे काम कोणत्याही कत्तलखान्यातला कसबी माणूस करू शकतो. उरलेल्या पट्ट्यांतले मांस उत्तम असते आणि काढलेल्या चरबीला साबण व इंधनाच्या उद्योगात गिऱ्हाईक असते. आज ते केले जात नाही कारण मजुरी लागते, वजन घटते आणि चरबीसकट माल विकत घेणारे बंदर जवळच आहे. ती मजुरी इथल्या कारखान्याने सोसावी की तिचा परिणाम नुकुआलोफाच्या रुग्णालयातल्या डायलिसिसच्या खर्चात टोंगाने सोसावा, एवढाच निवाडा बाकी आहे, आणि तो इथल्या संसदेत आणि मांस-उद्योगाच्या बैठकीत होऊ शकतो.